आग विझवणाऱ्याची परीक्षा

‘पाणी ओतायला परीक्षा कशाला?’ हा प्रश्न गावाकडे सहज विचारला जातो, आणि विचारणारा अडाणी असतो असे मुळीच नाही. वैशाखात कडब्याच्या गंजीला आग लागली की सारा गाव धावतो. कोणी विहिरीवरचा पंप सुरू करतो, कोणी घागरी-बादल्यांची रांग लावतो, कोणी शेजारच्या गोठ्यातली जनावरे सोडतो, कोणी वाऱ्याच्या बाजूचे छप्पर ओढून काढतो. हे कोणी कोणाला शिकवलेले नसते. मग ज्याला आपण बंबवाला म्हणतो त्याने वर्गात बसावे, गणिते सोडवावीत, तोंडी परीक्षा द्यावी आणि प्रमाणपत्र घेऊन बाहेर पडावे, ही काय भानगड आहे?

प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी दोनशे वर्षे मागे जावे लागते. अलीकडे खेड्यांतली पुष्कळ मुले अग्निशमनाच्या अभ्यासक्रमाची जाहिरात हातात घेऊन आपल्या शिक्षकांकडे येतात. ‘सर, याला काय वाचायचं?’ असे विचारतात. बाजारात प्रश्नोत्तरांचे संच मिळतात. ते जरूर वाचावेत. परंतु त्या अभ्यासक्रमातली जवळजवळ प्रत्येक ओळ कुठल्या ना कुठल्या आगीतून आलेली आहे, आणि ती बहुधा माणसांच्या जिवावर लिहिली गेली आहे, हे त्या संचांत सहसा सापडत नाही. मी इतिहास शिकवणारा माणूस. म्हणून तेवढा भाग माझ्याकडे घेतो.

पूर्वी आगीचे शहाणपण म्हणजे माणसांची संख्या. जितके हात तितके पाणी. पुण्याचा शनिवारवाडा १८२८ साली पेटला आणि सात दिवस जळत राहिला, असे आपण शाळेत शिकलो. त्या वेळी पुण्यात माणसे नव्हती, की पाणी नव्हते? दोन्ही होते. नव्हते ते एकच : आग कुठे आहे, ती पुढे कुठे जाणार आणि तिला कुठे अडवायचे, हे ठरवणारे शिकलेले डोके. त्याआधी १८०३ सालच्या फेब्रुवारीत मुंबईच्या कोटातही अशीच मोठी आग लागून वस्तीचा फार मोठा भाग भस्म झाला होता.

विलायतेतही निराळे नव्हते. लंडन शहर १६६६ साली जळाले, त्यानंतर तिथे आगीच्या विम्याच्या कंपन्या निघाल्या, आणि या कंपन्यांनी आपापली माणसे व आपापले हातपंप ठेवले. घरावर कंपनीचा धातूचा बिल्ला ठोकलेला असे. ही व्यवस्था माणसांपेक्षा मालमत्तेची काळजी अधिक करणारी होती, हे उघड आहे. पण पैसा गुंतला की हिशेब येतो, आणि हिशेब आला की कधीतरी शास्त्र येते. ते शास्त्र आणणारा माणूस मात्र लंडनचा नव्हता. तो स्कॉटलंडमधल्या एडिंबरो शहरचा होता. त्याचे नाव जेम्स ब्रेडवुड.

ब्रेडवुडचा जन्म १८०० सालचा. घरचा धंदा बांधकामाचा. तरुणपणी इमारतींच्या मोजणीचे काम शिकलेला. १८२४ साली, म्हणजे वयाच्या चोविसाव्या वर्षी, त्याला एडिंबरोच्या अग्निशमन दलाचा प्रमुख नेमले. नेमणुकीला थोडेच आठवडे झाले असतील-नसतील, तोच नोव्हेंबरात एडिंबरोच्या इतिहासातली सर्वांत मोठी आग भडकली. त्याच्या माणसांची तयारी अजून व्हायची होती, हुकूम कोणाचा चालायचा हे कोणालाच ठाऊक नव्हते, आणि शहरातले निरनिराळे अधिकारी निरनिराळ्या आज्ञा देत होते. आग विझल्यावर एवढे ठरले, की आगीच्या जागी हुकूम एकाचाच चालेल.

पुढे त्याने काय केले ते आपल्या मुलांनी नीट पाहावे. त्याने दलात पहिलवान घेतले नाहीत. त्याने छपरांवर दगडी पाट्या बसवणारे, सुतार, गवंडी, लोहार, नळकाम करणारे असे कारागीर घेतले. कारण उघड आहे. छपरावर रोज चालणाऱ्याला उंचीची भीती नसते. तुळई कुठे टेकली आहे आणि ती जळाली तर काय खाली येईल, हे सुताराला सांगावे लागत नाही. कोणती भिंत भार पेलते आणि कोणती नुसती आडोशाची आहे, हे गवंड्याला नजरेनेच कळते. या लोकांना त्याने पहाटेच्या अंधारात कवायत दिली, कारण अवघड काम अंधारातच करावे लागणार होते. धुरात शिरायचे तर डोके खाली ठेवायचे, जमिनीलगत हवा बरी असते. आणि आत एकट्याने जायचे नाही, सोबती हवाच, हे त्याचे नियम. रस्त्यावर उभे राहून लांबून खिडकीत पाण्याची धार मारणे त्याला मान्य नव्हते. आगीचे मूळ शोधा, आत शिरा आणि पाणी त्या मुळावर घाला, असे तो शिकवी. १८३० साली त्याने आगीचे पंप व आग विझवणाऱ्यांचे शिक्षण या विषयावर पुस्तक लिहिले. तोपर्यंत ज्या कामाला नुसती छाती लागते असा समज होता, त्या कामाचे पहिल्यांदा पुस्तक झाले. पुस्तक झाले की पाठ होतो, आणि पाठ झाला की परीक्षा फार लांब नसते.

१८३३ साली लंडनच्या विमा कंपन्यांनी आपली दले एकत्र केली आणि ब्रेडवुडला प्रमुख म्हणून बोलावून घेतले. तिथे त्याने २८ वर्षे काम केले. २२ जून १८६१ या दिवशी थेम्स नदीकाठच्या टूली स्ट्रीट भागातील वखारी पेटल्या. आत कापूस होता, ताग होता, चरबी, साखर, मसाले. वखारींना मध्ये लोखंडी दारे होती, ती एका दालनातली आग दुसऱ्यात जाऊ नये म्हणूनच बसवलेली. पण ती उघडी राहिली होती. ब्रेडवुड आपल्या माणसांची विचारपूस करत फिरत असताना एक भिंत कोसळली आणि तो तिच्याखाली सापडून मरण पावला. भिंतीविषयी ज्याने सगळ्यांना शिकवले, त्याचा मृत्यू भिंतीनेच झाला. ही आग पुरती विझायला दोन आठवडे लागले. विमा कंपन्यांनी हात टेकले. हे ओझे आता सरकारने घ्यावे असे त्यांनी सांगितले. १८६५ साली कायदा झाला आणि १८६६ पासून लंडनचे दल सार्वजनिक झाले.

आज तुमच्या विद्यार्थ्याला ‘अग्निरोधक दार म्हणजे काय?’ असा प्रश्न येतो. तो व्याख्या पाठ करतो, दोन गुण मिळवतो. ते दार बंद नसेल तर ते नुसते दार आहे, हे टूली स्ट्रीटची हकीकत ऐकल्यावर त्याला पाठ करावे लागणार नाही. अभ्यासक्रमातली दुसरीही कलमे अशीच आहेत. अमेरिकेत बाल्टिमोर शहर १९०४ च्या फेब्रुवारीत पेटले, तेव्हा वॉशिंग्टन, फिलाडेल्फिया, न्यूयॉर्कहून बंब धावले. पण पुष्कळांच्या नळ्यांचे आटे बाल्टिमोरच्या रस्त्यांवरच्या पाणीतोट्यांना बसेनात. पंधराशेहून अधिक इमारती गेल्या. नळीच्या जोडाचे माप सगळीकडे एकच असावे, हा अभ्यासक्रमातला रुक्ष धडा तिथला. ब्रिटनमध्ये १९१८ साली अग्निशमन अभियंत्यांची संस्था स्थापन झाली, आणि पुढे तिच्या परीक्षा हे या धंद्यातले मानाचे प्रमाणपत्र ठरले. आपल्याकडच्या अनेक अधिकाऱ्यांनीही त्या परीक्षा दिल्या.

मुंबईचे अग्निशमन दल १८८७ साली नगरपालिकेकडे आले, आणि त्याचा प्रमुख म्हणून लंडनच्या दलातला अनुभवी अधिकारी आणला गेला. म्हणजे ब्रेडवुडची परंपरा अशी भायखळ्यापर्यंत पोहोचली. मुंबईचे दल नावाजलेले होते. तरीसुद्धा १४ एप्रिल १९४४ चा शुक्रवार उजाडलाच.

त्या दिवशी व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकीन’ नावाचे जहाज उभे होते. दुसरे महायुद्ध चालू होते. इंग्लंडमधल्या बर्कनहेड बंदरातून निघून, कराचीला थांबून, ते १२ तारखेला मुंबईत आले होते. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटके. शिवाय कराचीत चढवलेल्या कापसाच्या हजारो गाठी, तेलाची पिंपे, लाकूड. जहाजावर सोन्याच्या विटाही होत्या, आणि त्या विटा मुंबईत कुठे कुठे जाऊन पडल्या याच्या गोष्टी लोक अजून आवडीने सांगतात. आपल्याला मात्र सोन्याशी कर्तव्य नाही, कापसाशी आहे.

विदर्भ-खानदेशातल्या वाचकांना कापूस मी काय सांगावा! जिनिंगमधली आग तुम्ही पाहिली असेल. दाबून बांधलेली गाठ वरून विझली तरी आत धुमसत राहते. आज विझवली म्हणून सोडून दिली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धूर. या जहाजात खालच्या कप्प्यात कापूस होता आणि त्याच खणाच्या वरच्या कप्प्यात स्फोटके होती. स्फोटके असल्याची खूण म्हणून लावायचा लाल बावटा जहाजावर नव्हता. दुपारी दोनच्या आधी मजुरांना धूर दिसला. वर्दी गेली ती साध्या आगीसारखी, म्हणून आधी दोनच बंब आले. जहाजात काय आहे हे कळल्यावर मग आणखी बोलावले. अग्निशमन दलाच्या लोकांनी तीसएक नळ्या लावून ९०० टनांहून अधिक पाणी त्या खणात ओतले. आणि इथेच कापसाने दगा दिला. पाणी खालून भरत गेले तशा जळत्या गाठी तरंगत वर, स्फोटकांच्या दिशेने चढू लागल्या.

धक्क्यावर तेव्हा काय चालले होते? जहाजाचा कप्तान होता, गोदीचे अधिकारी होते, दारूगोळ्याचा जाणकार लष्करी अधिकारी होता, अग्निशमन दलाचे प्रमुख होते. एकाचे म्हणणे, जहाज इथेच बुडवा. दुसऱ्याचे, ओढून समुद्रात न्या. तिसऱ्याचे, पाणी मारत राहा. जहाजाच्या बाजूचा रंग फुगून सोलू लागला, तेव्हा आगीचे मूळ कुठे आहे ते बाहेरून दिसले. ती बाजू कापून आत पाणी सोडायचा प्रयत्न झाला, तो साधला नाही. सगळ्यांवर ज्याचा हुकूम चालेल असा एक माणूस तिथे नव्हता. एडिंबरोने १२० वर्षांपूर्वी जे ठरवले, ते मुंबईच्या धक्क्यावर त्या दोन तासांत कोणाला ठरवता आले नाही. आजूबाजूची जहाजे आणि गोदीतले मजूर यांना दूर करण्याचा हुकूमही सुटला नाही. माझ्या मते त्या दिवसाची खरी चूक हीच. कापूस आणि दारूगोळा एकत्र भरणे ही युद्धकाळाची नड होती असे एक वेळ म्हणता येईल, पण माणसे तिथून हलवायला कोणती नड आड आली?

चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. ‘जलपद्म’ नावाचे शेजारचे जहाज पाण्यातून उचलले जाऊन धक्क्यावरच्या गुदामावर पडले. सुमारे अर्ध्या तासाने दुसरा, पहिल्याहून मोठा स्फोट. जळता कापूस मांडवी, मस्जिद बंदरच्या वस्तीवर पावसासारखा पडला. मृतांचे आकडे निरनिराळ्या नोंदींत ८०० ते १,३०० असे वेगवेगळे मिळतात. अग्निशमन दलाचे ६६ जण त्यात गेले. हे सगळे नळी हातात धरून जहाजावर किंवा धक्क्यावर उभे होते. त्यांच्या शौर्याविषयी कोणी शंका घेऊ शकणार नाही. म्हणूनच सांगतो, शौर्य त्या दिवशी कमी पडलेले नाही. आजही देशभर १४ ते २० एप्रिल हा अग्निशमन सेवा सप्ताह त्यांच्या स्मरणार्थ पाळतात.

स्वातंत्र्यानंतर निरनिराळ्या राज्यांतली दले पाहिली तर कुठे ती नगरपालिकेची, कुठे पोलिसांच्या हाताखालची, कुठे नावापुरती. शिक्षणही तसेच, ज्याचे त्याचे. १९५५ साली केंद्र सरकारने अग्निशमनाविषयी सल्ला देणारी एक स्थायी समिती नेमली, आणि १९५६ साली राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय सुरू झाले. आधी उत्तर प्रदेशातल्या रामपूरला, आणि १९५७ पासून आपल्या नागपूरला. देशाच्या कानाकोपऱ्यातले तरुण तिथे सब ऑफिसर आणि त्यावरचे अभ्यासक्रम शिकून गेले आहेत. १९७८ पासून अग्निशमन अभियांत्रिकीची पदवीही तिथे मिळू लागली. महाराष्ट्राची स्वतःची प्रशिक्षण संस्था मुंबईत सांताक्रूझजवळ आहे.

आता तयारीविषयी. शारीरिक चाचणीसाठी धावणे, दोर चढणे, माणूस खांद्यावर घेऊन चालणे, हे खेड्यातल्या मुलाला फारसे जड जात नाही. गाठी मारण्यातही तो शहरी मुलाच्या पुढे असतो. बैल बांधायची गाठ आणि ओझ्याची गाठ वेगळी, हे त्याला लहानपणापासून माहीत. तो अडतो तो पाण्याच्या गणितापाशी. आणि खरे सांगायचे तर तिथेच तो अडायला नको. कारण ते गणित त्याच्या बापाच्या विहिरीत आहे.

विहिरीवर पंप बसवलेला तुम्ही पाहता. पाणी खोल गेले की पंप काठावर ठेवून भागत नाही. विहिरीत खाली ओटा करून तिथे तो उतरवावा लागतो. का? पंप पाणी ओढतो असे आपण म्हणतो, पण तो ओढत नाही. तो नळीतली हवा काढतो, आणि बाहेरच्या हवेचा दाब पाणी वर ढकलतो. हा दाब समुद्रसपाटीला पाण्याला फार तर १०.३ मीटर, म्हणजे सुमारे ३४ फूट चढवू शकतो. प्रत्यक्षात सात-आठ मीटरांपुढे भरवसा नाही. इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या पंपवाल्यांना हे अनुभवाने माहीत होते. टॉरिचेलीने १६४३ च्या सुमारास त्याचे कारण दाखवले. बंबाची सक्शन नळी याच नियमाने चालते. नळीच्या तळाला आपण जो फूटव्हॉल्व्ह लावतो, ज्याला पुष्कळ ठिकाणी ‘फुटबॉल’ म्हणतात, त्यात कचरा अडकला की पंप पाणी सोडतो. बंबाच्या नळीलाही म्हणूनच जाळी असते. हे परीक्षेत हमखास विचारतात. मुलगा आकडा पाठ करून जातो, आणि घरच्या पंपाला हवा धरली तर मात्र शेजाऱ्याला हाक मारतो!

पाणी वर चढवण्याचेही असेच. दर दहा मीटर उंचीला साधारण एक किलो दाब, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, नुसता चढण्यात खर्ची पडतो. शिवाय नळी जितकी लांब तितकी घासण्यात तूट. उसाच्या फडाच्या शेवटच्या टोकाला पाणी मंद का येते, हे ज्याला कळते त्याला हा धडा अर्धा आलाच. आणि एक लिटर पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १,७०० लिटर जागा व्यापते. कोंडलेल्या खोलीत पाणी मारणारा स्वतः का भाजतो, ते यावरून कळावे. शिक्षकांनी हे वर्गात फळ्यावर करून घ्यावे. विज्ञानाचा तास वाया जाणार नाही.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे माणूस अमर झाला, असे अर्थातच नाही. ९ मे २०१५ रोजी काळबादेवीच्या ‘गोकुळ निवास’ या जुन्या इमारतीला आग लागली. ती इमारत कोसळली आणि मुंबईच्या दलाचे चार अधिकारी गेले. त्यांत प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर होते. हे चौघे वर्षानुवर्षांच्या अनुभवाचे, शिकलेले अधिकारी. ब्रेडवुडनंतर दीडशे वर्षांनीही जळत्या इमारतीची भिंत कधी पडेल हे नक्की सांगणारे शास्त्र कोणाच्या हाती आलेले नाही. इमारत बोलते, तडे देते, आवाज करते. ते ऐकायला शिकवतात, एवढेच.

आणखी एका प्रमाणपत्राचा उल्लेख करायला हवा. ते माणसाचे नव्हे, इमारतीचे. महाराष्ट्रात आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजनांचा २००६ चा कायदा आहे. आगीची यंत्रणा चालू स्थितीत आहे असे परवानाधारक संस्थेचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैत, द्यावे लागते. जबाबदारी मालकाची किंवा वापर करणाऱ्याची. शिकून तयार झालेल्या मुलांपैकी पुष्कळांना नोकरी मिळते ती बंबावर नव्हे, अशा तपासणीच्या कामात. तिथे धूर नसतो, शिट्टी नसते, कोणी टाळ्या वाजवत नाही. एक कागद असतो आणि त्यावर सही करायची असते. नळीला पाणी येते का हे तोटी उघडून न पाहता सही करता येते; मोह मोठा आहे, कारण आग रोज लागत नाही. तमिळनाडूत कुंभकोणमच्या शाळेत १६ जुलै २००४ रोजी ९४ मुले जळून मेली. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे दहा अर्भके गेली. हे दोन्ही शब्द, शाळा आणि रुग्णालय, तुमच्या-माझ्या गावातले आहेत.

जवळच्या तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी अग्निशमन केंद्र असेल, तर एप्रिलच्या त्या सप्ताहात शिक्षकांनी मुलांना तिथे न्यावे. आधी एक पत्र टाकावे म्हणजे तिथले लोक वेळ काढतील. मुलांनी बंबावर चढून फोटो काढून घ्यावेत, त्याला ना नाही. पण सक्शन नळी किती लांबीची आहे, तिच्या तोंडाची जाळी कशी आहे, नळीचे जोड हातात घेतल्यावर कसे बसतात, हे बघावे; आणि घरी आल्यावर एका दोरीला दगड बांधून आपल्या विहिरीतला पंप पाण्यापासून किती फुटांवर आहे, ते मोजून वहीत लिहावे.